अनुदान संपल्यानंतर: बालाघाटातल्या एका तालुक्यातली स्मृतिभ्रंश सेवा

बीड आणि धाराशिवच्या सीमेवरचा, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातला एक तालुका. सोयाबीन, तूर, थोडी ज्वारी, पाणी असेल तिथं ऊस. दसरा-दिवाळी झाली की इथली कितीतरी घरं कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. या तालुक्यात एका लहान संस्थेनं स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) झालेल्या वृद्धांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्या घरच्यांसाठी तीन वर्षं प्रकल्प चालवला. ३१ मार्चला निधी संपला. त्यानंतरच्या दीड वर्षात काय बंद पडलं, काय टिकलं आणि कशामुळं, त्याची ही नोंद. मी संस्थेच्या सल्लागार गटात आहे. हिशेबाच्या वह्या आणि गावोगावी घरभेटी देणाऱ्या ताईंच्या भेटवह्या वाचल्या आहेत, काही घरी ताईंबरोबर गेलो आहे. संस्था, गावं आणि माणसं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण कुणाच्या घरच्या आजाराची चर्चा नावानिशी होऊ नये.

आजार आणि गाव

भारतात साठीपुढच्या शंभर माणसांत सात-साडेसात जणांना स्मृतिभ्रंश असावा, म्हणजे देशभरात सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज लासी-डॅड या देशव्यापी पाहणीवरून २०२३ मध्ये मांडला गेला. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त निघालं. दोन हजार वस्तीच्या गावात साठीपुढची दोनशे माणसं धरली, तर पंधराच्या आसपास जणांना हा आजार असणार. ताईंना पहिल्या फेरीत अशा गावात चार-पाच घरंच सापडली. बाकीच्यांनी काही लपवलं नव्हतं, त्यांना हा आजार आहे असं वाटतच नव्हतं. ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून विषय संपत होता. रात्री ओरडणाऱ्या, शिव्या देणाऱ्या म्हाताऱ्याला बाहेरची बाधा म्हणून देवऋष्याकडं नेत होते, आणि कोपऱ्यात गप्प बसून राहणाऱ्या म्हातारीकडं कुणाचं लक्षही नव्हतं.

ओळखायचं कसं, हाही प्रश्न होता. ज्या बाईनं आयुष्यात पाटी धरली नाही, तिला शंभरातून सात वजा करायला सांगून काही कळत नाही. निरक्षर वृद्धांसाठी हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत १९९० च्या दशकात एक हिंदी चाचणी बेतली गेली होती. त्याच धर्तीवर ताई इथं विचारतात: आज बाजार कुठल्या गावचा? पोळा होऊन गेला की यायचाय? मोठ्या लेकीला कुठं दिलंय? चुलीवरचा स्वयंपाक कधीपासून सोडला, आणि का? शेवटचा प्रश्न सुनेला वेगळा, ओसरीवर नेऊन. निदान ताई करत नाहीत, ते डॉक्टरांचं काम. विसरणारं प्रत्येक माणूस स्मृतिभ्रंशाचं नसतं. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, एखाद्या औषधाचा परिणाम, नुसतं कमी ऐकू येणं, यातलं काहीही असू शकतं, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. एका आजींना ‘काही कळत नाही’ म्हणून वर्षभर घरच्यांनी सोडून दिलं होतं. कान साफ करून श्रवणयंत्र बसवल्यावर त्या बोलायला लागल्या.

या तालुक्याची खरी अडचण मात्र कॅलेंडरात आहे. घरातली कमावती जोडी दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर जाते आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येते. मुकादमाकडून उचल (आगाऊ मजुरी) जोडीच्या नावावर घेतलेली असते, त्यामुळं सून मागं राहू शकत नाही. मग आबाला सांभाळायला कोण? कुठं आठवी-नववीतली नात शाळा सोडून राहते, कुठं आबाच्याच वयाची आजी. काही घरं म्हाताऱ्या माणसाला बरोबर नेतात. अनोळखी मुलूख, उसाच्या पाचटाची कोपी, पहाटे तीनला सगळे फडात. अशा जागी आधीच गोंधळलेलं माणूस आणखी हरवतं. स्मृतिभ्रंशावरच्या कुठल्याही प्रशिक्षण-पुस्तिकेत मला ऊसतोडीचं पान दिसलं नाही. इथं काम करायचं तर सुरुवात त्या पानापासूनच करावी लागते.

तीन वर्षांचा पैसा

निधी एका कंपनीच्या सामाजिक दायित्वातून आला होता. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणं ठराविक नफ्याच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च समाजकामावर करावा लागतो. ‘चालू प्रकल्प’ म्हणून पैसे बाजूला ठेवायचे तर २०२१ च्या नियमांत त्यालाही मुदत आहे: सुरू झालेलं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. मंजुरीपत्रात दिसणारी तीन वर्षं अशी कायद्याच्या चौकटीतून येतात. आजाराला ती चौकट माहीत नसते. निदानानंतर माणूस आठ-दहा वर्षं जगू शकतं, आणि सांभाळणाऱ्यावर खरा भार पडतो तो पुढच्या वर्षांत.

मंजूर झालेल्या गोष्टी अशा: समन्वयक, अर्धवेळ समुपदेशक, गावपातळीवर तीन ताई, एक गाडी, तालुक्याच्या ठिकाणी भाड्याच्या घरात दिवसभराचं केंद्र, महिन्यातून एकदा येणारे मनोविकारतज्ज्ञ, टॅबलेट, प्रशिक्षणं, माहितीपत्रकं, २१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनाची रॅली. गावं अकरा आणि दोन तांडे.

घरी जाऊन सांभाळणाऱ्यांना आधार देण्याची पद्धत गोव्यातल्या अभ्यासावरून घेतली होती. तिथं ८१ कुटुंबांच्या अभ्यासात स्थानिक, डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षित माणसांनी घरी जाऊन काम केलं. त्यानं सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे गावातली बाई हे काम करू शकते, याला आधार होता. तिला पगार कोण आणि किती वर्षं देणार, हे असा अभ्यास सांगत नाही, आणि त्याचं ते कामही नव्हे.

तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत कंपनीनं कळवलं की पुढं त्यांचा भर पाणी आणि शाळांवर राहील. त्यांनी पुरेसा आधी निरोप दिला आणि शेवटचा हप्ता वेळेवर सोडला, हे नोंदवायला हवं.

कशावाचून कुणाचं अडेल

जानेवारीत विश्वस्त मंडळानं एक चांगला निर्णय घेतला. पैसे कुठून आणायचे ही चर्चा बाजूला ठेवून तिन्ही ताईंना बोलावलं आणि प्रत्येक कामाबद्दल एकच विचारलं: हे उद्या थांबलं तर कुठल्या घराचं काय अडेल? घरं नावानिशी सांगायची.

दिवसभराच्या केंद्राबद्दल विचारल्यावर नावं थोडी निघाली, आणि ती बहुतेक तालुक्याच्या गावातल्याच नोकरदार घरांची. डोंगरातल्या वस्तीवरून आजीला जीपनं आणायचं, दुपारी परत न्यायचं, बरोबर येणाऱ्याचा रोज बुडवायचा, हे कुणाला जमत नव्हतं. पाहुणे आले की त्यांना केंद्र दाखवलं जायचं, अहवालातले फोटोही तिथलेच. गावांना मात्र त्याचा उपयोग फार कमी होता. तरी ज्यांना होता त्यांचं नुकसान खरं आहे. एक निवृत्त ग्रामसेवक आपल्या पत्नीला तिथं सोडून चार तास झोप काढायचे. केंद्र बंद झाल्यावर त्यांचा रक्तदाब वाढला, आणि त्यांच्यासाठी दुसरी काही सोय आजही झालेली नाही.

घरभेटींबद्दल विचारल्यावर ताई थांबेनात. ‘अमक्या घरची सून मी गेल्याशिवाय रडत पण नाही, कुणासमोर रडंल ती?’ ‘तमक्याच्या घरी मी गोळ्यांचा डबा भरून देते, नाहीतर म्हातारा शुगरची गोळी तीनदा खातोय.’ तिसरी ताई वही उघडून नुसती नावं वाचत गेली. मंडळातल्या एका सदस्यानं ती नावं खडूनं फळ्यावर लिहायला घेतली, आणि फळा भरला.

त्या बैठकीतून हिशेब निघाला. एका ताईकडं पंचवीस घरं. मानधन महिना ७,००० रुपये, प्रवास १,५००, फोन ३००, समुपदेशकाच्या वेळेतला तिचा वाटा १,२००. एकूण १०,०००. म्हणजे घरामागं महिन्याला ४०० रुपये. तीन ताईंचे वर्षाचे तीन लाख साठ हजार. मूळ प्रकल्पाच्या आकड्यासमोर ही रक्कम इतकी लहान होती की मंडळी पुन्हा पुन्हा बेरीज तपासत होती. गाडी, केंद्र, टॅबलेट, रॅली सगळं सोडलं तर सेवा म्हणून जे उरतं ते एवढ्यात बसत होतं. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: असा प्रकल्प म्हणजे त्या ताईचं मानधन. ते ज्या दिवशी थांबतं त्या दिवशी प्रकल्प संपतो, मग फलक कितीही वर्षं लटकत राहो.

एक सूचना आली की ताईंनी सेवाभावानं करावं, आठवड्यातून दोनच दिवस. मंडळानं ती मान्य केली नाही, याचा मला आदर वाटतो. खुरपणीला गेली तर रोज हातात पैसे घेणाऱ्या बाईला फुकट राबायला सांगणं म्हणजे कंपनीनं काढून घेतलेला भार गावातल्या सगळ्यांत गरीब माणसाच्या डोक्यावर ठेवणं. एक ताई तर स्वतःच सासऱ्याला सांभाळून हे काम करत होती.

घरच्यांकडून पैसे घेणं

पहिला प्रयोग सोपा वाटला. घरामागं महिन्याला २०० रुपये, निम्मा खर्च. सोयाबीनचे पैसे आलेले असताना बऱ्याच घरांनी दिले. पुढं मात्र पैसे नाहीत हे तोंडानं सांगायला लोकांना संकोच वाटू लागला, आणि दारातूनच उत्तर यायला लागलं: ‘आबाला आता बरं हाय ताई, येऊ नका यवढं.’ आबाला बरं नव्हतं. ज्या घराला सगळ्यांत जास्त गरज, तेच घर आधी दार लावत होतं. भेटवहीत हे स्पष्ट दिसतं: फी सुरू झाल्यावर पहिल्यांदा गळालेली घरं अंथरुणाला खिळलेल्या आजारी माणसांची आणि विधवा सुनांची. सरकारी श्रावणबाळ योजनेतून म्हाताऱ्याला महिना १,५०० रुपये मिळतात, त्यातून द्यावेत असंही कुणी सुचवलं. ते पैसे घरात तेल-मिठाला लागतात. गावातली फी तिमाहीच्या आत बंद केली आणि ताईंनी सुटलेली घरं एकेक करून परत जोडली.

त्याच वेळी दुसरीकडून एक वाट निघाली. तालुक्याच्या गावातले एक गृहस्थ, मुलगा पुण्यात हिंजवडीला. त्यानं ताईला फोन करून विचारलं, ‘मावशी, तुम्ही आईकडं महिन्यातून दोनदा जाऊन मला कसं काय ते सांगाल का? मी पैसे देतो.’ अशी घरं बरीच होती: आईबाप इकडं, मुलं पुणे, मुंबई, हैदराबादला. त्यांच्यासाठी महिना १,२०० रुपयांची सेवा ठरली. दोन भेटी, औषधांची तपासणी, सांभाळणाऱ्या बाईला शिकवणं, आणि मुलाला फोन. अशी आठ-दहा घरं कायमची झाली. वर्षाला साधारण एक लाख चाळीस हजार.

इथं धोका आहे आणि मंडळानं तो ओळखला. पैसे देणारं घर लवकर फोन करतं, जास्त वेळ मागतं. ‘बाई जरा दुपारभर थांबा की’ म्हणतं. ताईचा वेळ हळूहळू तिकडं ओढला जातो. म्हणून नियम केला: एका ताईच्या पंचवीस घरांत पैसे देणारी घरं आठाच्या वर नाहीत, आणि डोंगरातल्या गावांचे वार बदलायचे नाहीत. दर महिन्याला भेटवही तपासताना हे पाहिलं जातं.

सरकारी दारं

सगळ्यांना वाटत होतं की आशाताईंकडं हे काम सोपवलं की झालं. तसं होत नाही. आशाताईंच्या डोक्यावर गरोदर बायका, लसीकरण, क्षय, सर्वेक्षणं, ऑनलाइन नोंदी असं इतकं आहे की महिन्यातून दोनदा तासभर बसून सुनेचं ऐकायला तिच्याकडं वेळ उरत नाही. कागदोपत्री सोपवता आलं असतं. त्यानं घरभेट झाली नसती.

संस्थेनं त्याऐवजी असं काम शोधलं जे आशाताई आधीच करत होत्या. तिशीपुढच्या प्रत्येकाचा सी-बॅक (मधुमेह, रक्तदाब अशा आजारांचा धोका तपासणारा) फॉर्म भरायचा असतो. त्यात वृद्धांसाठी प्रश्न आहे की जवळच्या माणसांची नावं किंवा घराचा पत्ता विसरायला होतो का. फॉर्म भरताना हा प्रश्न ‘नाही’ लिहून पुढं ढकलला जात होता. आरोग्य उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना सांगून मासिक बैठकीत यावर बोलणं झालं: प्रश्न म्हाताऱ्याला न विचारता घरातल्या बाईला विचारा, आणि ‘हो’ आलं तर ताईला एक फोन करा. एवढंच. नवा फॉर्म नाही, नवी नोंदवही नाही. या एका फोनमुळं प्रकल्पाच्या तीन वर्षांत न सापडलेली घरं सापडली.

मनोविकारतज्ज्ञांचा मानधनी फेरा बंद झाला होता. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ग्रामीण रुग्णालयात ठराविक दिवशी येतं. ताई आता आपल्या घरांची यादी त्या दिवसाला धरून लावतात, आधी उपकेंद्रात रक्तदाब, साखर, रक्ताच्या तपासण्या करून घेतात, म्हणजे फेरी वाया जात नाही. मधल्या काळात ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांचा सल्ला, रात्री-अपरात्री घरच्यांचा धीर सुटला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, आणि म्हातारं माणूस टाकून दिल्याची किंवा मारहाणीची तक्रार असेल तर ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७. डोनेपेझिलसारखी स्मृतिभ्रंशावरची गोळी सरकारी दवाखान्यात कधी असते, कधी नसते. नसली की जनऔषधी केंद्र. गोळीनं आजार बरा होत नाही, काहींना थोडा काळ फरक पडतो, हे ताई घरच्यांना आधीच सांगून ठेवतात. आणि झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या गोळ्या दुकानातून आणून मनानं द्यायच्या नाहीत, हे तर पुन्हा पुन्हा सांगतात. त्यानं म्हातारं माणूस पडतं, त्याची शुद्ध हरपते.

ग्रामपंचायतीकडून फार आशा होती. स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पण त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, जे यांच्यापैकी जवळजवळ कुणाकडंच नाही. आणि डोंगरातल्या गावची घरपट्टी-पाणीपट्टी ती किती वसूल होणार? तिच्या पाच टक्क्यांत मानधन बसत नाही. दोन गावांनी ग्रामसभेत ठराव करून कमोडची खुर्ची, काठी, पाण्याची गादी अशा वस्तू घेतल्या आणि त्या पंचायतीतच ठेवल्या. एका घरची गरज संपली की दुसऱ्या घरी जातात. एका सरपंचांनी गावातल्या दोन उघड्या विहिरींना कठडा बांधून घेतला. भटकणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं ते सगळ्यांत मोठं काम झालं.

एका ताईचा एक महिना

मानधनाचा मोठा भाग शेवटी गावातल्याच एका सवयीतून आला. मराठवाड्यात सप्ताह बसला की पंगतींचे अन्नदाते आधीच ठरतात, यादी फळ्यावर लागते, वर्षानुवर्षं घरं आपला दिवस सोडत नाहीत. मंडळातल्या एका वारकरी सदस्यानं सुचवलं की आपणही पंगतीसारखा महिना वाटून देऊ. १०,००० रुपये म्हणजे एका ताईचा एक महिना. वडिलांच्या वर्षश्राद्धाला, आईच्या स्मरणार्थ, नातवाच्या पहिल्या पगाराला. आयकरात सवलतीसाठी रीतसर ८०-जी ची पावती. महिना संपला की दात्याला एका कागदावर कळवायचं: त्या महिन्यात किती घरांना भेटी झाल्या, कुठली अडचण सुटली, कुठली नाही. घरांची नावं नाहीत.

पहिल्या वर्षी तेरा महिने ‘गेले’. त्यांतले चार महिने सेवानिवृत्त शिक्षकांच्या गटानं घेतले. एक औषध दुकानदारानं. एक महिना ऊसतोड मुकादमानं घेतला. त्याची आई या यादीत होती आणि ताईनं तिला शेवटची दोन वर्षं पाहिलं होतं. मोठ्या देणगीदारांच्या मागं लागण्यापेक्षा हे बरं पडलं. दाता एका कामाशी बांधला जातो, आणि एक गळाला तर सगळं कोसळत नाही. वेळ मात्र फार जातो. तेरा महिन्यांसाठी समन्वयकाला पन्नासाहून जास्त घरी बसावं लागलं, चहा घ्यावा लागला, आजार काय असतो हे पहिल्यापासून सांगावं लागलं. तिचा अर्धा पगार संस्थेच्या बचतगटाच्या कामातून निघतो, म्हणून हे जमलं. ज्या संस्थेकडं असं दुसरं काम नाही तिला हे जमेलच असं नाही.

सांभाळणाऱ्यांची बैठक

खर्चाच्या मानानं सगळ्यांत जास्त देणारी गोष्ट म्हणजे सांभाळणाऱ्या बायकांची महिन्याची बैठक. प्रकल्पात ती पंचायतीच्या सभागृहात, सकाळी अकराला, चहा-बिस्किटांसह व्हायची आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या असायच्या. आता ती बचतगटांच्या ग्रामसंघाच्या बैठकीला जोडून मारुतीच्या देवळात, जेवणं उरकल्यावर दुपारी होते. बायका ज्वारी-तूर निवडायला घेऊन येतात. हात चालू असले की घरी ‘कुठं गेलीस’ म्हणून कुणी विचारत नाही, आणि खाली बघत बोलायला सोपं जातं.

एका बैठकीत मी होतो. एक सून म्हणाली, ‘दिवेलागणीला सासूबाई गाठोडं बांधायली. माहेरला जायचं म्हणायली. तिचं माहेर कुठं राहिलंय आता? नाही म्हणलं की मला मारायली.’ दुसरी लगेच म्हणाली, ‘नाही म्हणूच नको माय. चला म्हण. वेशीपतुर न्यायचं, मारुतीच्या पाया पडायचं, आन् आता आंधार झाला, सकाळी निघू म्हणून माघारी आणायचं. माझा सासरा बैल सोडायचे राहिले म्हणून रात्री उठायचा. इकून धा वरसं झाली बैलं. मी दावं दिलं हातात. वळीत बसतो.’ ताईनं त्यात दोनच गोष्टी जोडल्या: दिवा आधी लावा, सावल्या पडायच्या आत. आणि तिसऱ्या प्रहरी त्यांना झोपू देऊ नका. संध्याकाळी गोंधळ वाढणं हा आजाराचाच भाग आहे, सून वाईट म्हणून सासू असं करत नाही, हे ती मोठ्यानं बोलली. तेव्हा पहिल्या बाईच्या हातातलं सूप थांबलं. ‘तिला कळत नाही का मग? मला वाटलं मुद्दाम करायली.’ तिची सासू आजही गाठोडं बांधते. सुनेनं आता त्यात दोन लुगडी कायमची ठेवून दिली आहेत.

अशी बैठक ताईवाचून चालेल का, हे पाहण्याचा विचार झाला होता. एका गावात ताई दोन महिने गेली नाही. बैठकी झाल्या, पण बोलणं बचतीचं आणि कर्जाचं झालं. बायकांना एकमेकींचं दुःख माहीत असतं, तरी आधी कुणीतरी विषय काढावा लागतो. ते काम ताईचं आहे.

फडावर जाण्याआधी

दसऱ्याच्या आधीच्या पंधरवड्यात आता प्रत्येक स्थलांतर करणाऱ्या घरी एक खास भेट होते. अनुदानाच्या काळात ही नव्हती. तेव्हा तिमाहीचं लक्ष्य नव्या घरांच्या नोंदणीचं असायचं, आणि अनुदान संपल्यावर ताईंनी स्वतः ती सुरू केली. म्हातारं माणूस कुणाजवळ राहणार ते नाव. त्या माणसाला गोळ्या समजावून सांगणं. मुकादमाचा आणि कारखान्याच्या गावचा फोन नंबर. टोपीच्या आतून, पदराच्या कोपऱ्याला फोन नंबर शिवून देणं. गावच्या पोलीस पाटलाकडं, किराणा दुकानात आणि एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरकडं फोटो. बरोबर नेणार असतील तर कोपीच्या दाराशी घरचीच घोंगडी आणि तांब्या ठेवायचा, ओळखीच्या वस्तू डोळ्यांसमोर राहाव्यात म्हणून.

नात मागं राहणार असेल तर ताई शाळेत जाऊन वर्गशिक्षकांशी बोलते. हंगामी वसतिगृहात मुलीची सोय झाली तर म्हाताऱ्याचं काय, आणि म्हाताऱ्याची झाली तर मुलीचं काय, हा पेच दर वर्षी काही घरांत सुटत नाही. गेल्या हंगामात दोन मुलींची शाळा सुटली. त्यातली एक परत जायला लागली आहे.

सध्या

अकरापैकी सात गावं आणि एक तांडा चालू आहे. घरं पन्नास, ताई दोन. तिसरी ताई दुसऱ्या वर्षी एका खासगी दवाखान्यात जास्त पगारावर गेली, आणि तिला दोष देण्यासारखं काही नाही. पैसे देणारी घरं आणि वाटलेले महिने मिळून वर्षाला दोन लाख सत्तर हजार झाले. दोघींचे दोन लाख चाळीस हजार गेले. उरलेल्या तीस हजारांत तिसऱ्या ताईचे तीन महिने निघतात. तीन महिन्यांच्या भरवशावर कुणाला कामावर घ्यायचं नाही, आणि नव्या घराचं दार वाजवायचं नाही, हे मंडळानं ठरवलं आहे. सुटलेल्या चार गावांतल्या घरांना समुपदेशक महिन्यातून एकदा फोन करते. फोनवर गोळ्या विचारता येतात, पाठीला पडलेली जखम दिसत नाही. शेवटच्या अवस्थेतल्या माणसांची अशी शुश्रूषा, आणि सांभाळणाऱ्याला एखादी रात्र तरी मोकळी मिळणं, या दोन गोष्टी अनुदानाच्या काळातही नव्हत्या आणि आजही नाहीत.

पुढच्या महिन्यात एका दुसऱ्या कंपनीची माणसं येणार आहेत. त्यांनी फोनवर रुग्णवाहिका देऊ केली. समन्वयकानं उत्तरादाखल पाठवलेल्या प्रस्तावात एकच मागणी आहे: तिसऱ्या ताईचं पाच वर्षांचं मानधन, पहिल्या वर्षी पूर्ण, पुढं दर वर्षी पाचवा हिस्सा कमी, म्हणजे तेवढे महिने गावानं वाटून घ्यायला वेळ मिळेल. सोबत भेटवहीतली चार पानं जोडली आहेत, नावं झाकून.